भूकंपातून वाचलं ते देऊळ नव्हे

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या तिन हाऊ मंदिराचा फोटो लावून एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो बे एरियातल्या भाच्याकडून आला. म्हणे, 1852 साली बांधलेलं हे ताओ मंदिर 1906 च्या भूकंपात, सगळं शहर कोसळलं तरी, देवीच्या कृपेने जसंच्या तसं उभं राहिलं आणि तिथली पूजा आजवर एक दिवसही खंडली नाही.

आधी 'जसंच्या तसं' बघू. 18 एप्रिल 1906 ला पहाटे 5 वाजून 12 मिनिटांनी धरणी हलली. पण शहराचा घास घेतला तो मागोमाग लागलेल्या आगींनी. पाण्याचे नळ जमिनीखालीच फुटले होते, त्यामुळे बंबांना पाणी मिळेना. आग अडवायला सुरुंग लावून इमारती पाडल्या, तर त्यातूनही नव्या आगी लागल्या. तीन-चार दिवसांत चायनाटाउनची राख झाली आणि त्यात हे देऊळही गेलं. वाचली ती देवीची मूर्ती, घंटा आणि वेदीचा काही भाग. फोटोतली वेव्हर्ली प्लेसवरची चार मजली इमारत त्यानंतरची आहे. कळस शोधायला जाल तर फसाल, देऊळ सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे.

राहिलं देवीच्या कृपेचं. श्रद्धेबद्दल मी वाद घालणार नाही. पण चायनाटाउन त्याच जागी परत उभं राहिलं, त्यामागची कारणं अगदी ऐहिक आहेत. शहराच्या कारभाऱ्यांना चिनी वस्ती उचलून दूर हंटर्स पॉइंटला टाकायची होती. चीनच्या वकिलातीने हरकत घेतली. घरमालक बहुतेक गोरे, त्यांना भाडं सोडवेना! चिनी व्यापाऱ्यांनीही झटपट पॅगोडाछाप छपरांच्या इमारती उठवल्या. आज पर्यटक ज्याला 'प्राचीन' समजतात ते हेच.

1852 हे साल परंपरेने सांगतात. इथलं सर्वांत जुनं चिनी देऊळ असल्याचा मान जवळच्या काँग चाऊ मंदिरालाही दिला जातो, त्यामुळे छातीठोकपणे बोलू नये.

'अखंड पूजा' तर सरळसरळ चूक. 1955 मध्ये देऊळ बंद झालं ते 1975 मध्ये उघडलं. मधल्या काळात, अमेरिकेच्या 1965 च्या कायद्याने स्थलांतराची दारं मोकळी झाली आणि वस्तीत पुन्हा माणसं वाढली.

आणि 'ताओ मंदिर' हे लेबलही जरा सैलच. तिन हाऊ म्हणजे स्वर्गाची राणी, चीनच्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरची माझू, दर्यावर्द्यांची देवी. ताओ पंथाने तिला आपलंसं केलं खरं, पण पॅसिफिक ओलांडून आलेल्या, दक्षिण चीनमधल्या कँटनी लोकांसाठी ती आधी समुद्रातून सुखरूप पार नेणारी आई होती.

देवळात फोटो काढायला मनाई आहे. म्हणून मजकुरासोबत फिरतोय तो बाहेरून काढलेला, भूकंपानंतरच्या इमारतीचा फोटो. आगीतून खरोखर वाचलेली मूर्ती त्यात कुठेच नाही.