चॅट्सवर्थचं ‘मोकळं रान’ मोकळं कधीच नव्हतं

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चॅट्सवर्थ वाड्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील: नदी, दगडी पूल, उतारावर चरणारी मेंढरं. त्यांच्याखाली हमखास फिरणारा मजकूर थोडक्यात असा: फ्रेंचांनी निसर्ग पट्टीनं आखला, इंग्रजांनी मोकळा सोडला. ब्राउन नावाच्या माळ्यानं जुनी आखीव बाग एका झटक्यात उखडून मूळ रान परत आणलं. पाणी डोंगरातून आपोआप येतं, झाडं तिथल्याच मातीतली, आणि यात कुणाला धक्का लागला नाही.

फोटो खरेच आहेत. मजकुराचं तसं नाही.

‘मूळ रान परत आणलं.’ चॅट्सवर्थ हे डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचं; त्यातल्या चौथ्या ड्यूकनं लॅन्सलॉट ब्राउनला कामाला लावलं ते १७६० च्या सुमारास. फोटोतली डरवेंट नदी एवढी रुंद आणि संथ दिसते, कारण तेव्हा तिचं पात्र वाढवून बंधारा घातला. तो देखणा पूल त्याच काळात जेम्स पेन या वास्तुविशारदानं बांधला, घरातून नजरेत भरेल अशा बेतानं. झाडांचे पुंजके ठरवून लावलेले. गवताचं म्हणाल, तर ते आखूड राहतं चरणाऱ्या जनावरांमुळे. चराई थांबली की काही वर्षांत झुडपं माजतील. रान परत आणलं म्हणजे नेमकं कुठलं?

‘ब्राउननं जुनी बाग एका झटक्यात उखडली.’ सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात सहज खोडता येणारा दावा हा. पहिल्या ड्यूकची बाग खरोखरच आखीव होती. तिच्यावर जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज ही बागा आखणारी त्या काळची नामांकित जोडी राबली. गंमतही होती: तांब्याचं एक खोटं विलो झाड, जवळ जाणाऱ्याला अचानक भिजवणारं. घराच्या दक्षिणेला १६९९ मध्ये नक्षीदार वाफ्यांचा भव्य ताटवा आखला गेला. पण त्यावर गवत चढलं ते १७३० च्या सुमारास, म्हणजे ब्राउन चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा असताना! आणि तो ताटवा उखडला गेला असंही नाही, नुसता झाकला गेला. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात तिथली हिरवळ करपली आणि जुन्या वाटा-वाफ्यांची नक्षी गवतात उमटली. हवेतून काढलेल्या फोटोंत ती स्पष्ट दिसते.

ब्राउननं काहीच मोडलं नाही असं नव्हे. पूर्वेच्या चढावरच्या आखीव रचना काढून त्यानं तिथं सलग हिरवळ केली. पण १७०२ चा सरळसोट लांब तलाव त्यानं ठेवला. पायऱ्यांचा धबधबाही ठेवला.

त्या धबधब्यावरून पुढचा मुद्दा. ‘पाणी आपोआप येतं.’ पाणी पंपाशिवाय येतं, एवढं बरोबर. पण ग्रिये या फ्रेंच जलतज्ज्ञानं १६९६ मध्ये तो धबधबा बांधला आणि काही वर्षांत तो आणखी लांबवला. म्हणजे फ्रेंचांना नावं ठेवायची आणि फोटो त्यांच्याच कामाचा टाकायचा! बागेतल्या उंच कारंज्याची कथा तर याहून खर्चिक. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून १८४४ मध्ये सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानं वरच्या माळावर सुमारे आठ एकरांचा तलाव खोदवला. घरापेक्षा शंभरेक मीटर उंचावरून नळानं उतरणाऱ्या पाण्याच्या दाबावर कारंजं उसळलं, नव्वद मीटरपर्यंत. झार आलाच नाही. पण १८९३ पासून याच पाण्यावर टर्बाइन चालवून वाड्यात वीज खेळवली गेली, हे मला त्या उंचीपेक्षा जास्त आवडतं.

‘झाडं तिथल्याच मातीतली.’ हे लवकर संपतं. पॅक्स्टननं १८३५ मध्ये परदेशी वृक्षांचा संग्रह लावायला घेतला आणि त्याच वर्षी जॉन गिब्सन या माळ्याला रोपं आणायला थेट भारतात धाडलं. तिथल्या काचघरात फळलेल्या ठेंगण्या केळीला ड्यूकचं आडनाव मिळालं: कॅव्हेंडिश. जळगावची बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी त्याच गटातली.

राहिलं ‘कुणाला धक्का लागला नाही’. एडन्सर हे गाव नदीपलीकडे होतं. वाड्यातून दिसणारी त्यातली घरं अठराव्या शतकात पाडली, आणि उरलेलं गाव १८३८ नंतर सहाव्या ड्यूकनं उचलून टेकाडाआड वसवलं. नवी घरं टुमदार आहेत. एक स्विस धाटणीचं, एक इटालियन, असं प्रत्येक वेगळं. जुन्यातलं एक घर उद्यानात अजून उभं आहे, भोवती कुंपणभिंत. बाकीच्यांच्या जागी गवत आहे, आणि ‘मोकळा सोडलेला निसर्ग’ म्हणून त्याचेच फोटो आपल्यापर्यंत येतात.