पेट्रोलचा हिशेब अंदाजपंचे का?

महिन्याला पेट्रोलवर किती खर्च होतो, असे विचारले की जो तो जाहिरातीतला मायलेजचा आकडा तोंडावर फेकतो आणि आता मला याचा मनस्वी संताप येतो. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून, आखून दिलेल्या वेगाने मोजलेला असतो. तुमची गाडी सिग्नलला ताटकळते, थंड इंजिनाने दोन किलोमीटर जाऊन बंद होते, टायरमध्ये हवा कमी आणि एसी अखंड चालू, हे त्या आकड्यात कुठून येणार?

त्याहून चीड येते ती सरासरीची. शहरात लिटरला 10 किलोमीटर आणि महामार्गावर 20, म्हणजे सरासरी 15, असे चांगली शिकलेली माणसे छातीठोकपणे सांगतात. अहो, दोन्हीकडे दीडशे-दीडशे किलोमीटर गेलात तर 15 आणि साडेसात, असे एकूण साडेबावीस लिटर जळते आणि सरासरी 13.3 वर येते! बेरीज लिटरची करायची असते, मायलेजची नव्हे, हे किती वेळा सांगायचे?

खरे मोजणे इतके अवघड आहे का? नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरा आणि झालेल्या किलोमीटरना तेव्हा भरलेल्या लिटरने भागा. पण नाही! जिच्यावर लिटरचा आकडा दशांशासह छापलेला असतो, ती पावती लोक पंपावरच चुरगाळून टाकतात.