‘गोळी घ्या, गाणं म्हणा, झोपा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सलाम.

(टोपणनावावरून वय कळत नाही. ‘आमच्या नगरला’ म्हणालात म्हणून दादा म्हणतेय. लहान असाल तर चालवून घ्या.)

मागच्या पंधरवड्यात मी माझ्या आमवाताबद्दल आणि आशेबद्दल लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, तुमचं म्हणणं असं: ख्रिस्ती आशा म्हणजे गुंगीचं औषध: गोळी घ्या, गाणं म्हणा, झोपा. बाहेर माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत आणि बाई स्वतःच्या सांध्यांतून प्रवचन काढताहेत. मंडळ्यांमध्ये, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालल्यात, त्यावर चकार शब्द नाही. आणि अगदी शेवटी, दोनच ओळींत, तुमच्या आईंबद्दल. त्या कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या असताना पाळकसाहेब घरी येऊन सांगून गेले, की विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाही.

त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचा राग तिथूनच आलाय असं मला वाटतं.

ते जे सांगितलं गेलं ते खोटं होतं. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुमच्या आईंना कोणत्या तोंडाने सांगायचं? बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढून बघा. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे थोडा तरी उजेड येतो, यात येत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. तुमच्या आईंसाठी केलेली प्रार्थना कुठे गेली, असं तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही.

आता माझी चूक. ‘देव आपल्याला झेपेल तेवढंच देतो’ असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तसं आहे अशी आपली सगळ्यांची समजूत आहे. पण तिथे विषय पापाच्या मोहाचा आहे, आजारपणाचा नाही. वाक्य सोपं आणि गोड होतं म्हणून माझ्याही हातून उतरलं. पहाटे सहाला बोटं मुडपलेलीच राहतात, गरम पाण्याच्या तपेलीत अर्धा तास धरल्याशिवाय साडीच्या निऱ्या होत नाहीत, तेव्हा मला काहीही झेपत नसतं. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी मी आधी शनिवारी रात्री घ्यायचे. मग रविवारी उपासनेत उभं राहिलं की पोटात ढवळायचं, म्हणून ती सोमवारवर ढकलली. माझ्या भक्तीची उंची एवढीच आहे.

पण गुंगीचा मुद्दा मला मान्य नाही.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायला. कानांनी दगा दिला, तो बेत तिथेच बारगळला. पुढे बहिरेपण आयुष्यभर सोबत राहिलं. त्याआधीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली होती, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला होता. ख्रिस्ती झाल्यावर इकडे पुण्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. 1893 मध्ये पालकांनी त्यांच्या शारदा सदन या शाळेतून मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. एवढ्यावर एखादी बाई गाणं म्हणून झोपली असती. या बाईने 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. प्लेगच्या वेळी पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. सरकारातले साहेब ख्रिस्ती असले तरी त्यांची भीड धरली नाही.

केडगावची एक गोष्ट मात्र मला फार दिवस सोडत नाही. रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या बायकांसाठी एक घर होतं, त्याचं नाव बार्तीमी सदन. बार्तीमय म्हणजे यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा भिकारी, येशूने ज्याला दृष्टी दिली तो. आणि त्याच्या नावाच्या घरात काय चाले? ब्रेल शिकवत. रोज सकाळी आता डोळे उघडतील म्हणून बायकांना ओळीने बसवून ठेवलं नाही. बोटांनी वाचायला शिकवलं. नाव मात्र बार्तीमयाचंच ठेवलं, बदललं नाही. मी आशा म्हणते ती या दोन्हींना मिळून. नुसतं नाव ठेवलं असतं तर तुमची ‘गुंगी’ खरी ठरली असती.

शेवटची वर्षं रमाबाई ग्रीक-हिब्रूवरून बायबलचं भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. 1921 च्या जुलैत त्यांची मुलगी मनोरमा गेली, एकुलती एक, हाताखाली तयार झालेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या. पुरं बायबल 1924 मध्ये निघालं. त्या मधल्या नऊ महिन्यांत त्यांना काय वाटत असेल याचा अंदाज बांधण्याचं धाडस मी करणार नाही.

‘बाहेर काय चाललंय’ म्हणालात. बाहेर कशाला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बघा. मागल्या नाताळात ‘तांदळाच्या पोत्याला धर्म विकणारे’ असा फॉरवर्ड आला. पाठवणाऱ्या काकू खालच्या मजल्यावरच्या. माझ्या बरण्यांची झाकणं उघडून देतात त्याच. दोन दिवस मी जिना उतरले नाही. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन गेले, उघडेना म्हणून. आणि म्हटलं, “काकू, माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ते नगर जिल्ह्यात. तिथे तेव्हा तांदूळ कुठला हो? आम्ही बाजरीवाले.” त्यांनी झाकण उघडलं, फडक्याने बरणीचा काठ पुसला, चहा टाकला. विषय काढला नाही. या नाताळात तो फॉरवर्ड आला नाही. दुसरा आला.

म्हणजे काकू बदलल्या असं मी सांगत नाहीये. मी बरणी घेऊन खाली जायचं थांबले नाही, तेवढंच. पौल रोमकरांना लिहितो की संकटाने धीर येतो, धीराने शील, आणि मग आशा. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे घोकलं होतं, पण आशा त्यात शेवटी येते हे पन्नाशीत लक्षात आलं. आपण ती आधीच गाठीला हवी म्हणून बसतो, आणि नाही सापडली की स्वतःला अविश्वासी ठरवतो. तुमच्या आईंनाही तसंच ठरवलं गेलं.

जमिनींच्या भांडणांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याला मी इथे हात घातलेला नाही. आमच्यात जात अजून गेलेली नाही, हेही त्यातच येतं. परवा सोमवार, गोळीचा दिवस. मंगळवारी पोट आणि बोटं दोन्ही ताळ्यावर असली तर त्यावर लिहीन. तोवर तुमच्याकडे काही माहिती असेल तर पाठवा, नावं न घालता.