दोन उभ्या गाड्यांची टक्कर

दोन उभ्या गाड्या एकमेकींवर आदळू शकत नाहीत, हे शाळकरी पोरालाही कळतं. विम्याच्या फायलींत मात्र अशा टकरा पैशाला पासरी मिळतात. "मी तर थांबलेलोच होतो" हे वाक्य दोन्ही अर्जांत असतं, दोन वेगळ्या हस्ताक्षरांत, एकाच तळमळीनं. शून्य अधिक शून्य बरोबर एक चेपलेला दरवाजा, दोन फुटलेले दिवे आणि काही महिन्यांचा पत्रव्यवहार.

हे सगळे खोटारडे असतात असं मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष टक्कर सेकंदाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात उरकते. पुढे तासभर माणूस तिची हकिगत आधी समोरच्याला, मग जमलेल्या गर्दीला, मग फोनवर घरी सांगतो आणि प्रत्येक खेपेला त्याचा स्वतःचा वेग थोडा कमी होत जातो. चौथ्या खेपेला गाडी थांबते.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. फिती त्याच, प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललेलं. गाड्या एकमेकींना 'लागल्या' म्हटलं की सरासरी उत्तर ताशी ३२ मैलांच्या आसपास यायचं. 'धाडकन आदळल्या' म्हटलं की चाळिशी गाठायचं. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना दिसल्या होत्या. फितीत एकही काच फुटलेली नव्हती. तेव्हा समोरच्याच्या अर्जात "भरधाव येऊन धडकली" आणि आपल्या अर्जात "हलकेच घासली" असं असेल, तर ते वाद अपघाताचे कमी आणि व्याकरणाचे जास्त असतात.

म्हणून माणसांना बाजूला बसवावं आणि पत्र्याला विचारावं. पत्र्याला क्रियापदं येत नाहीत.

पत्रा पहिली गोष्ट सांगतो ती उंचीची. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं आणि शेपूट वर उचललं जातं. मागून ठोकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "मी कचकन ब्रेक मारला होता." मग टेप काढावी. दोन्ही गाड्या सपाट जागी उभ्या करून जमिनीपासून दोघींच्या खुणांची उंची मोजावी. त्याच्या बॉनेटवरची खूण पुढच्या गाडीच्या बंपरवरच्या खुणेशी तेव्हाच जुळत असेल जेव्हा त्याचं नाक चांगलं चार बोटं खाली दाबलेलं मानू, तर ब्रेक खरंच लागला होता. उभ्या गाड्यांच्या उंचीतच खुणा चपखल बसत असतील, तर त्या ब्रेकचा पुरावा फक्त त्याच्या छातीत आहे.

मागून ठोकल्यावरची दुसरी आवडती थाप म्हणजे "पुढचाच रिव्हर्स आला." ही थाप मला मनापासून आवडते, कारण ती इतकी निर्लज्ज असते की ऐकणारा क्षणभर विचारात पडतो. इथे रिव्हर्सच्या दिव्याचा बल्ब जपून ठेवावा. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार पेटलेली असते तेव्हा तापून मऊ असते. धक्क्यानं ती ताणली जाते, वाकडी होते. विझलेली थंड तार एक तर जशीच्या तशी राहते, नाहीतर काडीसारखी तुटते. पेटलेल्या दिव्याची काच फुटली तर तारेवर आणि आसपास पांढुरकी-पिवळट भुकटीही बसते. "इंडिकेटर दिलाच नव्हता" या भांडणातही हाच बल्ब कामाला येतो. फक्त गॅरेजवाल्यानं तो पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलेला असतो, आणि एलईडी दिव्याला तारच नसल्यामुळे ही सगळी विद्या तिथे निकामी.

बाजूनं घासलेल्या गाड्यांत ओरखड्याची दिशा पाहावी. ओरखडा जिथे सुरू होतो तिथे बारीक असतो. जिथे संपतो तिथे रंगाचा, प्लास्टिकचा कीस गोळा झालेला असतो. दोघं एकाच दिशेला चाललेले असताना तुमच्या दारावरचा ओरखडा मागून पुढे गेला असेल, तर तो तुमच्यापेक्षा जोरात होता. पुढून मागे गेला असेल, तर जोर तुमचा होता. मग हा फोटो पाठवण्याआधी चहा घ्यावा आणि विचार करावा. पण लेन कोणी सोडली, हे ओरखडा सांगत नाही. ते रस्ता सांगतो. टक्कर होते त्या क्षणी चाकांवरच्या पत्र्यांना आतून चिकटलेली वाळकी माती झडून खाली पडते. काचा आणि प्लास्टिक पुढे उडत जातात, माती मात्र बरीचशी जागच्या जागी ढीग करते. पांढऱ्या पट्ट्याच्या कुठल्या बाजूला ती पडली आहे, याचा फोटो दहा साक्षीदारांना भारी. पहिला मोठा ट्रक गेला की हा साक्षीदार उडून जातो.

त्यामुळे कोणी जखमी नाही याची खात्री झाली की तोंडाआधी मोबाइल उघडावा. गाड्या हलवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांतून लांबचे फोटो, ज्यांत सिग्नल, पाटी किंवा खांब असं न हलणारं काहीतरी येईल. मग मधल्या अंतरावरचे, मग जवळचे, शेजारी टेप नाहीतर चावी ठेवून. पुढची चाकं कुठल्या बाजूला वळलेली आहेत ते हवंच. लोक फक्त स्वतःच्या जखमेचे चाळीस फोटो काढतात आणि समोरच्याच्या गाडीचा एकही नाही. टाळी एका हाताची कशी सिद्ध करणार?

ब्रेकच्या काळ्या पट्ट्या असतील तर गणित सोपं आहे. वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले घर्षणांक (रस्त्याची पकड) गुणिले ९.८ (गुरुत्वाकर्षण) गुणिले पट्ट्याची लांबी मीटरमध्ये; वेग निघतो सेकंदाला मीटरमध्ये, त्याला ३.६ नं गुणलं की ताशी किलोमीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर २० मीटरच्या पट्ट्यातून ताशी ६० किलोमीटर निघतात; ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर ४५. हा किमान वेग, कारण पट्टा संपला तिथे गाडी थांबली नाही, आदळली. आदळताना ३० उरले असतील तर मूळ वेग ९० नव्हे, ६७. इथे वर्गांची बेरीज होते. हे न कळल्यामुळे उत्साही मंडळी समोरच्याला ९० वर नेऊन बसवतात, विमा कंपनीचा सर्व्हेअर ते एका ओळीत खोडतो आणि मग त्यांचं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असलेल्या गाडीचे पट्टे फिकट उमटतात, उन्हात तर दिसतही नाहीत. वाकून, तिरक्या नजरेनं पाहावं लागतं. "अचानक आडवा आला" यालाही हिशेब आहे. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरतात, म्हणजे ६० च्या वेगाला २५ मीटर. पट्ट्याच्या सुरुवातीपासून तेवढं मागे जावं, तिथून रस्ता साफ दिसत असेल तर 'अचानक' हा शब्द गळतो.

तीन गाड्यांच्या माळेत मधला कायम बिचारा असतो, "मला मागून ढकललं म्हणून मी पुढच्यावर गेलो." उत्तर सगळ्यात पुढच्या ड्रायव्हरच्या पाठीत असतं. त्याला तिथल्या तिथे विचारून लिहून घ्यावं, धक्का एक बसला की दोन? एक, तर मधला बहुधा खरा. दोन, तर मधल्यानं आधी स्वतःच्या हिमतीवर ठोकलं होतं. दुसऱ्या दिवशी विचाराल तर त्याला तीन धक्के आठवतील आणि मानही दुखत असेल.

साक्षीदारांचं काय सांगावं. "मोठा आवाज झाला म्हणून मी वळून पाहिलं" असं म्हणणाऱ्यानं अपघात पाहिलेला नसतो, त्याचा परिणाम पाहिलेला असतो. बाकीचं त्यानं भरलेलं असतं. त्यापेक्षा डॅशकॅम बरा, फक्त तो दोघांचाही चुगलखोर. त्यात समोरच्याचा सिग्नल तोडणं येतं, तसं आपलं फोनवरचं बोलणंही. रेकॉर्डिंग फिरत्या पद्धतीनं जुन्यावर नवं लिहिलं जातं, म्हणून कार्ड लगेच काढून घ्यावं. रुंद भिंगामुळे समोरची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते हेही ध्यानात ठेवावं, नाहीतर "एवढं अंतर असून थांबला नाहीत?" असा प्रश्न आपल्यालाच येतो. वेग हवा असेल तर फ्रेम मोजाव्यात. २० मीटर अंतरावरचे दोन खांब ३६ फ्रेममध्ये मागे पडले आणि सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर १.२ सेकंद, म्हणजे ताशी ६०. दुकानांचे कॅमेरेही असेच स्वतःला पुसत असतात. त्याच दिवशी लेखी मागणी करावी आणि पडद्यावरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे ते टिपून ठेवावं.

एअरबॅगच्या नियंत्रकातही बहुतेक नव्या गाड्यांत टक्करीच्या आधीच्या साधारण पाच सेकंदांची नोंद राहते: वेग, ब्रेक दाबला की नाही, अॅक्सिलरेटर किती. मात्र हा वेग बहुतेकदा चाकांच्या फिरण्यावरून येतो. चाकं जाम होऊन गाडी घसरत असेल तर नोंद म्हणते वेग शून्य, आणि मालक तो कागद नाचवत म्हणतो, बघा, मी थांबलेलोच होतो.

तर उभ्या गाड्यांकडे परत येऊ. ज्या चाकाला मार लागला त्या टायरच्या बाजूवरची घासपट्टी पाहावी. चाक थांबलेलं असेल तर घासपट्टी एका जागी सरळ आखल्यासारखी उमटते. फिरत असेल तर ती गोल वळसा घेते. धुण्याआधी, गाडी गॅरेजला नेण्याआधी हा फोटो काढावा. पुष्कळदा तो दोन्ही गाड्यांचा काढला जातो, दोन्ही टायरांवर छान गोल वळसे असतात, दोष पन्नास-पन्नास टक्के वाटला जातो आणि आठवड्याच्या आत दोन आक्षेपपत्रं येतात. दोन्हींची पहिली ओळ सर्व्हेअरला पाठ असते.