टोपण माझ्याकडं राहू द्या

तासाला तीन रुपये बेचाळीस पैसे. काल सकाळी बँकेच्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझा हा भाव निघाला. काढला एका अनोळखी काकांनी, माझ्याच चेक भरायच्या स्लिपच्या पाठीमागं.

झालं असं की एका दिवाळी अंकाचा मानधनाचा चेक आला. दीड हजार. चेकवर तारीख १ ऑक्टोबर, हातात पडला शनिवारी २७ डिसेंबरला, मधे तो कुठं कुठं फिरून आला देव जाणे. त्यात चौथा शनिवार, बँक बंद. म्हणून काल सोमवारी दार उघडल्या उघडल्या मी हजर. चेक माझ्या टोपणनावानं, खातं अर्थातच आईबापांनी ठेवलेल्या नावानं.

टोपणनाव आहे 'निशिगंध'. हसू नका. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या भित्तिपत्रकात पहिली कविता लागायची होती, आणि तेव्हा वाटलं होतं की हे नाव आयुष्यभर शोभेल. आता वय पन्नास, वजन ब्याऐंशी. काउंटरवरच्या मॅडमनी चेक बघितला, मला बघितलं, परत चेक बघितला आणि अख्ख्या शाखेला ऐकू जाईल असं विचारलं, "निशिगंध कोणे? त्यांना स्वतःला यायला सांगा."

म्हणलं, मीच.

रांगेतली सगळी डोकी वळली. एका आज्जीनी तर चष्मा वर करून बघितलं.

"या नावाचं आधार आहे?"

"नाही."

"पॅन?"

"अहो, टोपणनाव आहे ते. लिहायचं."

"मग त्याचं काहीतरी असेल ना, गॅझेट वगैरे?"

आता गॅझेटमधे नाव बदलतात, निशिगंध होत नाहीत, हे त्यांना कसं सांगणार. केशवसुत मुळात दामले, बालकवी ठोंबरे, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. ह्या लोकांच्या काउंटरवर ह्या मॅडम बसल्या असत्या तर मराठी कवितेचं काय झालं असतं? मला तर खात्री आहे की तेव्हा केवायसी नव्हतं म्हणूनच आपल्याकडं कविता झाली. असो. मॅडम म्हणाल्या, "साहेब मीटिंगमधे आहेत, येईपर्यंत बसा. नाहीतर स्लिप परत भरा, ह्यात खाडाखोड आहे."

स्लिप भरायला गेलो तर दोऱ्याला बांधलेल्या पेनात रिफिल नाही. म्हणजे पेन चोरीला जाऊ नये म्हणून दोरा, आणि रिफिल गेलेली. बाकड्यावर अर्धा स्वेटर आणि कानटोपी घातलेले एक काका बसले होते, मांडीवर बटणाचं पारदर्शक फोल्डर, त्यात आधारच्या पन्नासेक झेरॉक्स. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उपसून मुठीत धरलं आणि पेन पुढं केलं.

"टोपण माझ्याकडं राहू द्या," म्हणाले. "नायतर पेन जातं."

इथपर्यंत ठीक होतं. मी आपला शेजारी बसून भरायला लागलो.

"फुलांचा धंदा का?"

"नाही. का?"

"निशिगंध म्हणाली न्हवं ती. म्हणजे आपली गुलछडी. आमच्या मेव्हण्याची अर्धा एकर हाय. मार्गशीर्षात बरा सुटला आसंल की भाव?"

म्हणलं, मी लेखक आहे.

"दस्तलेखक का? रजिस्टर ऑफिसपाशी बसता?"

"नाही हो, कथा वगैरे लिहितो."

"आणि पोटाला?"

"पोटाला शाळेत आहे."

"हां, मग बरोबर," असं म्हणून ते एकदम निवांत झाले. स्वतः पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं, धोम, कण्हेर, शेवटची आठ वर्षं हिशोबात. म्हणाले, "वर्ष संपत आलंय. काढूया का?"

"काय?"

"तुमचा हिशोब. हितं बसून दुसरं काय करायचंय."

आणि मी भरलेली स्लिप त्यांनी उलटी केली. पेन परत घेतलं. मधोमध उभी रेघ मारली, वर लिहिलं 'सन २०२५', डावीकडं 'आवक', उजवीकडं 'विसर्ग'. अक्षर सुंदर होतं हो, त्याचाच राग येतो. माझ्या एकतीस वर्षांच्या लिखाणाला आजवर एवढ्या स्वच्छ अक्षरात कुणी बघितलेलं नाही.

"काय काय पिकवलं?"

म्हणलं, चार कथा, दोन ललित लेख, अकरा कविता.

"कविता धरू नका. ते बांधावरचं गवत. येतंच." अकरा कविता गेल्या. "कथांचं काय झालं?"

चारातल्या दोन साभार परत. एक छापून आली, तिचा हा दीड हजाराचा चेक. एक अशा अंकात आली ज्यांनी आधीच कळवलं होतं की मानधन देता येणार नाही पण अंक पाठवू, तर तो अंकही आला नाही, मी पोवई नाक्यावर साडेतीनशेला विकत घेतला. ललितमधल्या एकाचे हजार रुपये यूपीआयनं आले, दुसऱ्याच्या संपादकांनी फोन करून कौतुक केलं आणि मग म्हणाले, तुमच्या ओळखीत कुणी जाहिरात देईल का?

काकांनी 'आवक' खाली लिहिलं, २५००. त्यातले दीड हजार गोल केले आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'वसूल नाही'.

"वेळ किती घालता?"

"पहाटे पाच ते सात."

"रोज?"

"रोज," म्हणलं.

खोटं बोललो. का बोललो माहित नाही, अनोळखी माणसापुढंसुद्धा माणसाला शिस्तीचं दिसायला आवडतं. आणि तिथंच मी फसलो. काकांनी दोन तास गुणिले ३६५ केलं, ७३० तास आले, अडीच हजाराला भागलं, आले तीन रुपये बेचाळीस पैसे. खरं बोललो असतो, म्हणजे दीडशेच दिवस उठलो हे सांगितलं असतं, तर तीनशे तासांचे आठ रुपये तेहतीस पैसे पडले असते. रात्री झोप येईना तेव्हा हे मी परत परत करून बघितलं. जेवढं कमी लिहावं तेवढा भाव वाढत जातो. काहीच न लिहिता एखादा सत्कार झाला तर भागाकारच होत नाही, आणि अशी दोन-तीन माणसं माझ्या ओळखीची आहेत.

"रोजगार हमीला रोज काय हाय माहितंय?" काका म्हणाले. "तीनशे बारा. तासाला एकोणचाळीस धरा. आणि ती योजना आपण दिली देशाला, वि. स. पागेंनी. बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्या खडी फोडत होत्या, त्यास्नीबी ह्या हिशोबानं जास्तच पडत आसंल."

मी म्हणलं, काका, साहित्याचं असं नसतं. हे वाक्य तोंडातून जाताच लाज वाटली, कारण हे अगदी संपादकांचं वाक्य आहे. साहित्याचं असं नसतं, कुणाचं असतं मग? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला ११६ वर्षं झाली. ह्या ११६ वर्षांत कागदवाल्याला कुणी म्हणलं का की तुमचं प्रेम आहे भाषेवर, तर दोन रीळ असेच द्या? छापखान्याला, बाइंडरला, डीटीपीवाल्या पोराला म्हणलं? कुरियरवाला मानाचा अंक घेऊन जातो का? सगळ्यांना पैसे, तेही वेळेत, आणि लेखकाला 'आपण घरचेच'. घरचे असतो तर निदान फराळ तरी पाठवला असता. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले, कंदी, मी स्वतः दोन खाल्ले. बँकेत काल अभिजात भाषेतला माणूस पंधराशे रुपयांसाठी स्वतःची ओळख पटवत बसला होता. आणि हे साताऱ्यात, जिथं परवापासून, १ ते ४ जानेवारी, ९९ वं साहित्य संमेलन आहे. शाहू स्टेडियमवर मांडव उभा आहे, रिक्षावाल्याला विचारलं तरी सांगतो अध्यक्ष विश्वास पाटील. बँकेच्या खिडकीतून स्वागताचा फ्लेक्स दिसत होता.

काका मात्र पुढं गेले होते. त्यांना कुठूनतरी माहित होतं की इन्कम टॅक्सात लेखकांना कलम ८० क्यूक्यूबी आहे आणि रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत सूट मिळते. "म्हणजे सरकारनं तुमच्यासाठी तीन लाखाचं भांडं ठेवलंय," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्यात अडीच हजार घातलंय. दोन लाख सत्त्याण्णव हजार पाचशे शिल्लक!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मघाच्या आज्जी माझ्याकडं जरा आदरानं बघायला लागल्या. (घरी येऊन बघितलं. ते पुस्तकांना आहे, मासिकांना नाही. म्हणजे भांडंही माझं नाही.)

"आता पुढच्या वर्षाचं. तुमची आवर्तनं ठरलीत का?"

"कसली?"

"कोयना भरली तर १०५ टीएमसी. म्हणून काय दरवाजा उघडून सगळं सोडतात का? रब्बीला किती, उन्हाळ्याला किती, बैठक होती, आवर्तनं ठरत्यात. तुम्ही आपलं वाटलं की सोडताय. मग बाष्पीभवन होणारच. आणि टेलला पाणी पोचतं का तुमच्या?"

"टेल म्हणजे?"

"शेवटचा शेतकरी. वाचणारा."

मी गप्प बसलो. दोन्ही छापलेल्या कथांवर मिळून मला एक फोन आला होता, तो मावसभावाचा, आणि त्यानं मुखपृष्ठाचं विचारलं होतं.

मग काकांनी पेन माझ्या हातात दिलं. "हं, लिहा तुम्हीच. लेखक हाय न्हवं." टोपण अजून त्यांच्या मुठीत. ते सांगायला लागले आणि मी, लिहून देतो हो, मी खरंच लिहून घ्यायला लागलो. जानेवारी ते मार्च, एक कथा, पण मार्चमधे पेपर तपासायचे, म्हणून अर्धी. मे महिन्यात पूर्ण दाबानं दोन कथा, कारण अंकवाल्यांना जूनपर्यंत लागतात. जुलैनंतर गेट बंद, नुसती साठवण.

"आणि एक कादंबरी आहे," मी म्हणलं. हे मला कुणी विचारलं नव्हतं. "२०१९ पासून. एकशे चाळीस पानं झालीत."

"हालती का?"

"नाही."

काकांनी जरा विचार केला. "मृतसाठा," म्हणाले.

"म्हणजे?"

"धरणाच्या तळाला, दरवाज्याच्या खाली जे पाणी राहतं ना, ते. धरणात असतंय, पण धरायचं नसतंय."

मी ते लिहिलं. 'मृतसाठा, १४० पानं.' आत्ता ती स्लिप समोर आहे आणि एवढा एकच शब्द मी जरा जास्त दाबून लिहिलेला दिसतोय. घरात सहा वर्षं त्या कादंबरीला कुणी काही म्हणत नाही, बायको त्या फायलीवरची धूळ पुसते आणि परत तिथंच ठेवते. आणि हा माणूस!

रागारागानं मी विचारलं, "काका, तुम्ही इथं कशाला आलाय?"

तर ते नोव्हेंबरात लेकीकडं पुण्याला होते, हयातीच्या यादीवर सही राहिली. आता पेन्शन थांबायची वेळ आलीय. मशीनवर अंगठा उठत नाही, घासून गेलाय. तिसरी चक्कर. "समोर बसलोय, बोलतोय, मागच्या चकरेला ह्याच बाईला मुलाच्या लग्नाचं विचारलं," म्हणाले, "तरी म्हणत्यात हयात असल्याचा पुरावा आणा."

तेवढ्यात साहेब आले आणि काकांना आत बोलावलं. ते फोल्डर सावरत गेले. मग मला काउंटरवर बोलावलं. चेक परत. "तुमच्या खात्यावरच्या नावानं नवीन घेऊन या. आणि हा तसाही संपलाच सर, एक-दोन दिवस राहिलेत, तीन महिन्यांच्या वर चालत नाही." केबिनच्या दारातून काकांचा आवाज आला, "पूर्वी सहा महिने चालायचा! २०१२ ला बदललं!" म्हणजे आतून त्यांचं सगळं लक्ष माझ्याकडंच होतं.

बाहेर येऊन गाडीवर बसलो तेव्हा कळलं की पेन माझ्या खिशात आहे. परत आत गेलो तर काका दुसऱ्या दारानं गेलेले. मॅडमना म्हणलं, त्यांना द्याल का. म्हणाल्या, "कुणाचं आहे? टोपण कुठंय?" म्हणलं, त्यांच्याकडं. तर म्हणाल्या, "मग ठेवा तुम्हीच, टोपणाशिवाय आम्ही काय करणार."

दुपारी संपादकांना फोन लावला. रागात होतो, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं, आधार, गॅझेट, आज्जी, गुलछडी, पाटबंधाऱ्याचे काका, तीन रुपये बेचाळीस पैसे. ते मधे मधे "अरे रे" म्हणत होते. म्हणाले, काळजी करू नका, दुसरा चेक काढू, नाहीतर संमेलनाला येतोच आहे, स्टॉलवर भेटा. आणि पुढच्या अंकाला कथा हवीच, जूनपर्यंत.

मग जरा थांबून म्हणाले, "ते पाटबंधारेवाले काका म्हणालात ना, त्यांची खात्यात अजून ओळख असेल का हो? अर्ध्या पानाची तरी जाहिरात मिळाली तर बघा."