ब्लूमबर्ग, बेघर आणि फुकट्या गिऱ्हाइकाचा संशय

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या बेघरांविषयीच्या धोरणावरचा माझा लेख श्रीमंतांविषयीच्या आकसातून आलाय. वर्षाला 1 डॉलर पगार घेऊन 12 वर्षं न्यूयॉर्क चालवणाऱ्या उद्योजकाने घरंही उभी केली, आणि बेघरांचा प्रश्न चिघळला तो 2008 च्या मंदीमुळे.

आधी माझी चूक. ‘घरांच्या नावाने शून्य’ असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. परवडणारी 1,65,000 घरं बांधायची किंवा टिकवायची योजना त्यांचीच, आणि तिचं बरंचसं काम झालंही. (टिकवणं म्हणजे कमी भाड्याची जुनी घरं बाजारभावाच्या तोंडी जाऊ न देणं. हेही काम लहान नाही.) ते वाक्य काढून टाकलंय.

मंदीचं मात्र पटत नाही. बेघरांची संख्या पाच वर्षांत दोन तृतीयांशाने कमी करू, असं त्यांनी 2004 साली जाहीर केलं. आपल्याकडे महापौर फिती कापतात आणि कारभार आयुक्त बघतात. तिथे खाती, पैसा, सगळं महापौरांच्या हातात. तरी 2008 उजाडलं तेव्हा शेल्टरमधल्या, म्हणजे बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांमधल्या, लोकांचा आकडा तीस हजारांच्या वरच होता.

खरी मेख मंदीच्या आधीची आहे. शेल्टरमधल्या कुटुंबांना सरकारी घरं आणि केंद्राची भाड्याची व्हाउचरं देताना असलेला अग्रक्रम त्यांच्याच प्रशासनाने काढून घेतला. कारण काय, तर घराच्या आशेने लोक मुद्दाम शेल्टरमध्ये शिरतात! यालाच, म्हणजे दुकानदारासारखं प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट्या समजण्याला, मी लेखात ‘गल्ल्यावरचं डोकं’ म्हटलं होतं, त्यांच्या पैशाला नव्हे. शेल्टरमध्ये शिरणं किती ‘सोपं’ होतं ते बघा. पोरंबाळं घेऊन शहराच्या ब्रॉन्क्स भागातल्या कचेरीत जायचं, मागच्या दोन वर्षांत कुठे कुठे राहिलात त्याची यादी द्यायची. मग अधिकारी नातेवाइकांकडे चौकशी करणार, मावशीच्या घरात अजून जागा होते का म्हणून. फ्लॅट लाटायला कोण हे सगळं हौसेने करेल?

अग्रक्रमाच्या जागी मुदतीची भाडेमदत आली. त्यातली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना फार तर दोन वर्षांची. दोन वर्षांत न्यूयॉर्कचं भाडं परवडण्याइतका पगार वाढेल, हा हिशेब कुठल्या वहीत मांडला कोण जाणे. 2011 मध्ये राज्याने हात आखडता घेतला, शहराने योजनाच गुंडाळली आणि कुटुंबं पुन्हा शेल्टरच्या दारात आली. 2002 मध्ये सुमारे 31,000 लोक शेल्टरमध्ये होते. 2013 संपताना पन्नास हजारांहून जास्त. रस्त्यावर झोपणाऱ्यांची मोजणी याच काळात घटली, हे तुमच्या बाजूने मांडून ठेवतो.

1981 च्या न्यायालयीन तडजोडीमुळे त्या शहराला बेघराला निवारा द्यावाच लागतो. त्यावर 2013 मध्ये ब्लूमबर्ग म्हणाले होते, की कोणी खासगी विमानाने केनेडी विमानतळावर उतरून लिमोझिनने थेट शेल्टरवर आला, तरी आम्हाला त्याला जागा द्यावी लागेल. संशय जात नाही तो असा.

2014 मध्ये त्यांच्यानंतरचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी या कुटुंबांसाठी सरकारी घरांचं दार थोडं किलकिलं केलं. त्याने शेल्टरं रिकामी झाली नाहीत, हेही तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकतो.