पानं सोसायटीची, मासा माझा

रविवारी सकाळी सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो पडला. गेटजवळच्या कॅमेऱ्यातला, पाठमोरा. गाऊनवर नवऱ्याचा स्वेटर, हातात चितळ्यांकडची जुनी पिशवी आणि मी कमरेत वाकून पालापाचोळ्याच्या ढिगात हात घातलेला. खाली मजकूर : ‘सदर महिला काल रात्री १०.४० वाजता कचऱ्यामध्ये संशयास्पदरीत्या काही शोधताना आढळली आहे. कोणी ओळखत असल्यास कार्यालयात कळवावे.’

तीन मिनिटांत अकरा जणांनी ओळखलं. पहिला अंगठा माझ्या नवऱ्याचा.

मी बदामाची पानं गोळा करत होते, आजारी माशासाठी. हे वाक्य गेल्या आठवड्यात मी इतक्या लोकांना ऐकवलंय, आणि दर वेळी ते मलाच आधीपेक्षा जास्त खुळ्यासारखं वाटलंय.

मासा आमच्याकडे आला तो लेकीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. रिटर्न गिफ्ट म्हणून. आमच्या लहानपणी पेन्सिल आणि खोडरबर मिळायचं, फार तर लाडू-चिवड्याची पुडी. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला जिवंत जीव मिळतो. निळाजांभळा फायटर, शेपटी पैठणीच्या पदरासारखी आणि चेहरा कोणीतरी आत्ताच गार चहा पुढे केल्यासारखा. लेकीनं नाव ठेवलं तात्या. त्या घरच्या वहिनींनी दारातच सांगितलं, “याला काही म्हणजे काही लागत नाही हं. साध्या बरणीतही राहतो.” मी विश्वास ठेवला. काही लागत नाही असं ऐकलं की माझा कुणावरही विश्वास बसतो.

डिसेंबरात पुण्यात रात्री पारा दहाच्या आसपास उतरायला लागला आणि तात्या बरणीच्या तळाशी कुशीवर निजायला लागला. खाणं बंद. शेपटीची कड काळपट होऊन झिरझिरीत झाली, जुन्या छत्रीसारखी. नवरा म्हणाला, “म्हातारा झाला असेल.” नवऱ्याचं आजारपणातलं निदान हे एवढंच असतं, मग रुग्ण कोणीही असो.

डबा घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. (स्टीलचा, पोह्यांचा. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, “रस्सा सांडणार नाही ना?”) काउंटरवरच्या मुलीनं रीतसर फॉर्म भरायला घेतला. पेशंटचं नाव? तात्या. जात? फायटर. वजन? लसीकरण झालंय का? पेशंट कुठाय? मी झाकण उघडलं. तिनं वाकून पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे पायवाले बघतात.”

मग उरतं ते सगळ्यांचं उरतं : रात्री दीडपर्यंत मोबाइल. त्यात कळलं की तात्याला पंखकूज झालीय, आणि ती जंतूंमुळे होत असली तरी जंतूंना निमंत्रण दिलंय आम्हीच. मासा पाण्यात श्वास सोडतो, हगतो, खाऊ उरवतो; त्याचा अमोनिया होतो. मोठ्या टाकीत स्पंजवर, दगडांवर वस्तीला आलेले चांगले जंतू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि मग मासा निवांत जगतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या बिल्डिंगमध्ये कामाला मावशी लागायलाही साधारण तेवढेच. आमच्या दीड लिटरच्या बरणीत ना स्पंज, ना दगड, ना मावशी. तात्या चार महिने स्वतःच्याच मोरीत राहत होता.

आणि थंडी. हा मासा मूळचा थायलंडचा. तिथे त्याला २०१९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळालाय. भातखाचरांतल्या, दलदलीतल्या कोमट पाण्यातला जीव, त्याला पंचवीस-सव्वीस अंश लागतात. वर येऊन हवाही घेतो. डोक्यात त्यासाठी वेगळा अवयवच असतो. त्यामुळे घाण पाण्यात लगेच मरत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. लगेच मरत नाही म्हणून दुकानदार सांगतो, याला काही लागत नाही. लगेच न मरणाऱ्या माणसांबद्दलही घरोघर असंच बोलतात, पण तो विषय नको.

तर, पानं. देशी बदामाचं वाळकं पान पाण्यात टाकलं की त्यातलं टॅनिन उतरतं, पाणी फिक्या चहासारखं होतं आणि फायटरला ते मानवतं, असं पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ऑनलाइन ही पानं दहाच्या पाकिटात विकायला होती. पाकिटावर फोटो होता तो हुबेहूब आमच्या गेटजवळच्या झाडाचा. हेच ते झाड, ज्याची फळं लहानपणी आम्ही दगडानं ठेचून ठेचून आतला नखाएवढा गर खायचो आणि बोट ठेचलं की घरी मार खायचो. हिवाळ्यात ते लालभडक होतं आणि सगळी पानं बी विंगच्या गाड्यांवर टाकतं. विकत कशाला घ्यायची? दिवसा लाज वाटेल म्हणून रात्री गेले. पुढचं आपण फोटोत पाहिलंच.

रविवारी अकरा वाजता मी कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे जिन्याखालची खोली, त्यात एक टेबल, मीटरचे खोके आणि सेक्रेटरीकाका. काका निवृत्त लेखापरीक्षक. मी त्यांना काका म्हणते, ते मला वहिनी म्हणतात; हे नातं नेमकं कोणत्या बाजूनं लागतं ते आजवर कुणी शोधलेलं नाही.

“काका, तो फोटो काढा. ती मी आहे.”

“ते माहीत आहे आम्हाला.”

“मग ‘कोणी ओळखत असल्यास’ कशाला?”

“पद्धत असते, वहिनी. एकदम नाव घेणं बरं दिसत नाही.” त्यांनी वही ओढली. “बसा. काय शोधत होता?”

“बदामाची पानं.”

“कारण?”

“मासा आजारी आहे.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “आम्ही मासे खात नाही,” ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

“खायचा नाही हो. पाळलेला आहे. पानं पाण्यात घालायची, त्याचा अर्क उतरतो.”

“म्हणजे काढा.”

“काढाच म्हणा.”

“उकळता?”

“नाही, नुसती भिजवते.”

“मग काढा कसा होईल? उकळलं तर काढा. गरम पाणी ओतून गाळलं तर फांट. गार पाण्यात भिजवलं तर हिम.” त्यांनी वहीत लिहिलं : हिम. “आता सांगा, पानं कोणाची?”

“झाडाची.”

“झाड कोणाचं?”

“सोसायटीचं. पण काका, गळलेली पानं आहेत. तुम्ही ती सगळी कचऱ्यात देता.”

“देतो ना. ठराव करून देतो.” हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. “उद्या कोणी म्हणेल, गळलेली पानं नेली तर गळलेली पेव्हर ब्लॉकची वीट का नको? किती पानं लागतात माशाला?”

“वीस लिटरला एखाद-दुसरं.”

“आणि पिशवीत?”

“…तीसेक.”

“साठा,” काका म्हणाले आणि तेही लिहिलं. मग चष्मा कपाळावर गेला. “वीस लिटर? बरणी होती ना तुमच्याकडे?”

ही बातमी यांना कशी, हे मी विचारलं नाही. कालच टाकी घेतली, म्हटलं. स्पंज फिल्टर, झाकण, पन्नास वॉटचा हीटर.

“माशाला हीटर?”

“सव्वीस अंश लागतात त्याला.”

काका बराच वेळ मीटरच्या खोक्यांकडे बघत राहिले. “बी विंगला,” ते शेवटी म्हणाले, “सकाळी सहाला सोलरचं पाणी सव्वीस अंश येत नाही, वहिनी. मी स्वतः थर्मामीटर घालून बघितलंय. तीन सभांत विषय मांडलाय.”

यावर काय बोलणार? मी सॉरी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

“मासा केवढ्याला?”

“रिटर्न गिफ्ट होता.”

“शून्य. आणि खर्च?”

“साडेतीन हजार झाले. औषधं धरून नाही.”

वहीच्या कडेला त्यांनी खरंच मांडलं. साडेतीन हजार भागिले शून्य. मग ते खोडलं आणि माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की जणू मी घर गहाण टाकून आलेय. “भाग जात नाही हो,” ते म्हणाले. “दुसरा आणा त्यापेक्षा. दीडशेला मिळतो.”

इथे मात्र माझं डोकं फिरलं. कारण हे वाक्य काकांचं एकट्याचं नाही. नवरा म्हणाला, दुसरा आणू. सासूबाई फोनवर म्हणाल्या, गुपचूप बदल, तिला कळणार नाही. टाकी विकणारा पोरगा म्हणाला, “टाकी नका घेऊ मॅडम, त्यात नवीन दहा येतील.” शेजारच्या घरी कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हीच माणसं फळं घेऊन भेटायला गेली होती. मी पण गेले होते, मोसंबी घेऊन. कुत्रा मोसंबी खात नाही हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. पण मासा म्हटला की पहिला आकडा किमतीचा. भुंकत नाही, ओळखत नाही, मांडीवर बसत नाही. ओळखत नाही हेही खोटं. मी बरणीजवळ गेले की तात्या पुढे यायचा; चार महिने येत होता आणि मला वाटायचं, काय छान दिसतो टीव्हीशेजारी.

काकांना मी यातलं काही बोलले नाही. आवाज चढवून एवढंच म्हटलं, “दुसरा नकोय मला, हाच पाहिजे.” काकांनी पेनचं टोपण लावलं. “मग अर्ज करा. विषय : माशाकरिता पाने मिळणेबाबत. दोन प्रती.”

मी अर्ज केला. दोन प्रती. माझा मलाच अजून राग येतोय.

घरी वेगळाच संसार. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून बादली चोवीस तास उघडी ठेवायची. सोमवारी मावशींनी त्या बादलीनं फरशी पुसली. मंगळवारी मी ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली. मावशींना वाचता येतं, त्यांनी हात लावला नाही, पायानं सरकवून उन्हात ठेवली आणि त्यात कावळा बसला. बुधवारी लेकीनं बादलीवर पहारा दिला आणि शाळा बुडवली. रोज चार-पाच लिटर पाणी काढायचं, तितकंच नवं घालायचं, तेही त्याच उबेचं. बोट घालून बघते, बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. मिठाचं प्रकरण तर विचारूच नका. आयोडीन नसलेलं खडेमीठ, चार लिटरला एक चमचा, आधी विरघळवून, आणि दहा दिवसांच्या वर नाही. वाण्यानं विचारलं, “लोणचं घालताय?” होय, म्हटलं. थकले होते मी.

पंपाची घरघर रात्रभर चालते. नवरा म्हणतो, झोप लागत नाही. सोळा वर्षं मी त्याचं घोरणं ऐकतेय, त्याला कोणी स्पंज लावला नाही.

पण परवा सकाळी तात्यानं दोन दाणे खाल्ले. एक थुंकला, परत उचलला, चघळला आणि गिळला. शेपटीच्या काळ्या कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसायला लागलीय. नवा पंख आधी बिनरंगाचाच येतो म्हणतात. दुपारी तो पानाखाली जाऊन बसला, लाल-तपकिरी पाण्यात, वाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखा. मी ऑफिसचा फोन उचलला नाही.

अर्जाचं उत्तर शुक्रवारी आलं, सूचनाफलकावर : ‘बदामाची पाने विनापरवाना उचलू नयेत. हुकुमावरून.’ त्याच दुपारी मनपाची गाडी आली आणि सगळा ढीग घेऊन गेली. बारा पोती. मी गॅलरीतून मोजली.

झाड मात्र ठराव वाचत नाही. रात्रीतून आणखी पानं पडली. शनिवारी पावणेबाराला मी परत खाली गेले. या वेळी माकडटोपी, नवऱ्याचं जॅकेट, पॅन्ट, आणि कॅमेऱ्याकडे पाठही नाही, तोंडही नाही, खेकड्यासारखी आडवी चालत. पाच पानं उचलली. फक्त पाच.

आज सकाळी सव्वासातला ग्रुपवर फोटो आला. ‘सदर इसम’ वगैरे. मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात खाली काकांचा दुसरा मेसेज : ‘वहिनी, टोपी साहेबांची आहे. पाने ५ (पाच) मोजली. नोंद केली आहे.’